खाडीपलीकडची भीती

मराठी साहित्यातल्या भीतीचा विषय निघाला की नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्यापाशी आपण थांबतो. त्यांनी वाचकाला मनापासून घाबरवलं आणि त्यांचं ऋण मोठंच आहे. पण अंधाऱ्या वाड्यातली भीती पुस्तक मिटलं की संपते. न संपणारी भीती पाहायची असेल, तर मालाडच्या मार्वे धक्क्यावरून फेरीबोटीने मनोरीला जावं.

मनोरी मुंबई महापालिकेच्या हद्दीत आहे, तरी खाडीने शहरापासून तोडलेलं. इथले जुने रहिवासी कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती. ईस्ट इंडियन हे नाव या समाजाने 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात घेतलं. गोव्याहून आणि मंगळूरहून आलेले ख्रिस्ती तेव्हा मुंबईत नोकऱ्या मिळवत होते. मूळचे आपण असूनही रेल्वेतल्या, सरकारी कचेऱ्यांतल्या जागा हातच्या जातील, ही धास्ती त्यामागे होती. त्याच वर्षी त्यांनी संस्थाही उभारली. भीतीतून दंगल न होता संघटना झाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याच गावात उपरे ठरण्याची हीच भीती पुढे मुंबईतल्या मराठी राजकारणाचंही इंधन झाली. 1966 साली शिवसेना निघाली ती याच भावनेवर. तिथे मात्र भीतीने बोट दाखवायला माणूस शोधला, आणि आधी दाक्षिणात्य कारकून सापडला.

मनोरीची भीती अजून जुनी झालेली नाही. विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रस्ताव आला, तेव्हा गोराई, मनोरी, उत्तनची माणसं धारावी बेट (या गावांचंच बेट) बचाव समितीच्या मागे उभी राहिली. पुढे पर्यटन विकासाचे आराखडे आले. आता समुद्राचं पाणी गोडं करण्याचा महापालिकेचा प्रकल्प इथेच व्हायचा आहे. पहिल्या टप्प्यात दिवसाला 20 कोटी लिटर पाणी मिळेल, क्षमता पुढे दुप्पट करता येईल. शहराला पाणी हवं, यात वाद नाही. पण मीठ काढून घेतल्यावर उरणारं अतिखारट पाणी पुन्हा समुद्रातच जातं, आणि किनाऱ्यालगतच्या मासळीवर ज्याचं घर चालतं त्याने धास्तावू नये असं कोण म्हणेल? 26 नोव्हेंबर 2008च्या, समुद्रमार्गे झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर तर समुद्राकडे बघण्याची सरकारची नजरच बदलली. पिढ्यान् पिढ्या मासेमारी करणाऱ्याला आपल्याच समुद्रात ओळखपत्र बाळगावं लागलं.

सत्तेने घातलेली भीती निराळी. तिच्याबद्दल मराठी लेखकांनी धीटपणे लिहिलं आणि तसे ते वागलेही. 1972 साली रंगमंचावर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये नाना फडणवीस घाशीरामला कोतवाल करतो आणि सारं पुणं त्याच्या परवान्यावर जगू लागतं. काम झाल्यावर नाना त्याला जमावापुढे सोडून देतो. भीती वर कुठे तयार होते आणि खाली कोणाच्या हातून वाटली जाते, हे इतकं लख्ख मराठीत क्वचितच कोणी दाखवलं असेल. प्रयोग काही काळ बंद पडले, हाही त्याच गोष्टीचा भाग. तीन वर्षांनी, आणीबाणीत, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गा भागवत अध्यक्ष होत्या. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण केंद्रात मंत्री होते. त्याच मंडपात दुर्गाबाईंनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांना अटक झाली.

तरी मला सर्वांत जवळचे वाटतात ते बाबूराव बागूल. 'जेव्हा मी जात चोरली होती!' हा त्यांचा संग्रह 1963चा. त्या शीर्षककथेतल्या तरुणाला भूत छळत नाही की कोतवाल. पोटासाठी परगावी आलेल्या त्याला कोणी सहज विचारलेल्या जातीच्या प्रश्नाची भीती वाटते. खोली, नोकरी, जेवणाचं ताट, सगळं त्या एका उत्तरावर अवलंबून असतं. जमीन, पाणी, दाखला, ओळखपत्र यांच्याभोवतीची मनोरीकरांची भीती या कथेच्या शेजारची आहे. त्यांची झळ सारखी नाही, जातीची जखम कितीतरी खोल आहे. पण दोन्ही भीती रोजच्या, दिवसाउजेडी वावरणाऱ्या आहेत. गावठाणाच्या हद्दीवर आणि सरकारी आराखड्याच्या नकाशावर राहणारी ही भीती मराठी कथा-कादंबरीत फार थोडी आली. बागुलांनी दलित वस्तीतून लिहिलं तसं खाडीकाठच्या घरातून लिहिणारं कोणीतरी आता यायला हवं, आणि दिवाळी अंकांनी त्याच्यासाठी पानं राखायला हवीत.