पाण्यातलं मीठ : लेखांक ५ – जिवाणूंना कसला कोळसा हवा?

शिक्रापूरच्या चौकात चाकणचा रस्ता नगर रस्त्याला मिळतो. सणसवाडी, कोरेगाव भीमा, रांजणगाव इथल्या कारखान्यांमुळे या पट्ट्यात माणसं आली, भाड्याच्या खोल्या उठल्या आणि बोअर खोल खोल गेले. ज्या बोअरचं पाणी उन्हाळ्यात मचूळ लागतं, तिथे धुण्याभांड्यांना बोअर आणि प्यायला जार, अशी वाटणी होते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार (टीडीएस) असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असं भारतीय मानक सांगतं. क्षार काढायला घरगुती आरओ यंत्र आहे. पण त्याला वीज लागते आणि एक लिटर गोडं पाणी देताना तो बहुधा त्याहून जास्त पाणी मोरीत सोडतो.

मागच्या लेखात आपण तीन कप्प्यांची पेटी पाहिली. मधल्या कप्प्यात खारं पाणी, एका बाजूला सांडपाणी, दुसऱ्या बाजूला हवा. सांडपाण्यातले जिवाणू घाण खातात आणि खाताना सुटलेले इलेक्ट्रॉन त्याच कप्प्यातल्या ॲनोडला देतात. ते तारेतून हवेच्या बाजूच्या कॅथोडकडे निघाले की मधल्या कप्प्यातला क्लोराइड ॲनोडकडे आणि सोडियम कॅथोडकडे ओढला जातो. २००९ मध्ये बीजिंगचं त्सिंगहुआ विद्यापीठ आणि अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठ इथल्या संशोधकांनी याच तत्त्वावरच्या छोट्या पेटीतून सुमारे ९० टक्के मीठ काढून दाखवलं. बाहेरून वीज दिली नव्हती.

मग अडलं कुठे? माझ्या मते सगळ्यात जास्त अडलं ते कोळशापाशी, म्हणजे ॲनोड आणि कॅथोड ज्याचे बनतात त्या कार्बनपाशी.

आकडेमोडच करू. १५०० टीडीएसचं पाणी ५०० वर आणायचं, तर हजार लिटरच्या टाकीतून एक किलो क्षार निघाले पाहिजेत. ते सगळं साधं मीठ धरलं, तर त्यासाठी तारेतून सुमारे ४५८ अँपिअर-तास एवढा विद्युतभार वाहावा लागतो. ॲनोडच्या एका चौरस मीटरमधून एक अँपिअर मिळत असेल, तर एका चौरस मीटरला या कामी एकोणीस दिवस लागतील. टाकी रोज भरायची असेल, तर जवळपास वीस चौरस मीटर ॲनोड हवा. प्रयोगशाळेत एका चौरस मीटरला काही अँपिअर मिळतात. खरं सांडपाणी आणि मोठं पात्र आलं, की एक अँपिअरसुद्धा अवघड होतो. म्हणजे या तंत्राचं भवितव्य एका प्रश्नावर येऊन ठेपतं : चौरस मीटरभर कार्बन किती इलेक्ट्रॉन गोळा करतो आणि तो कितीला पडतो?

कार्बनच का? तांबं वीज उत्तम वाहून नेतं, पण त्याचे क्षार जिवाणूंना मारक असतात. साधं लोखंड खाऱ्या पाण्यात गंजतं. कार्बन गंजत नाही, जिवाणूंना सोसतो आणि वीजही नेतो. तरी कोणताही कोळसा चालत नाही. चुलीतला कोळसा मल्टिमीटरला लावून पाहा आणि जुन्या सेलमधली काळी कांडी लावून पाहा. कांडीतून वीज सहज जाते, कोळशातून जवळजवळ जात नाही. लाकूड हवा न लागू देता ८००–१००० अंशांपर्यंत तापवलं, तरच त्यातल्या कार्बनची मांडणी वीज वाहण्याजोगी होते.

दुसरी अट जिवाणूंच्या घराची. एक ग्रॅम सक्रिय कोळशाच्या पोटात हजार चौरस मीटर पृष्ठभाग असू शकतो. ऐकायला भव्य वाटतं, पण त्यातली बहुतेक छिद्रं मीटरच्या अब्जाव्या भागात मोजायची आणि जिवाणू त्याच्या हजारपट मोठा. दारातूनच आत जाता येत नसेल, तर वाड्याच्या खोल्या मोजून काय उपयोग? म्हणून ॲनोडला नमद्यासारखा कार्बन फेल्ट किंवा बाटली घासायच्या ब्रशसारखा ग्राफाइट तंतूंचा ब्रश लागतो. त्यांच्या मोकळ्या जागेत जिवाणूंचा थर बसतो आणि सांडपाणीही खेळतं राहतं. कॅथोडला मात्र तीच बारीक छिद्रं कामाची, कारण तिथे ऑक्सिजनचा रेणू शिरायचा असतो. महागड्या प्लॅटिनमच्या जागी सक्रिय कोळसा वापरता येतो, हे जिवाणूंवर चालणाऱ्या अशा पेट्यांच्या संशोधनातून पुढे आलं, आणि मला ती फार मोठी गोष्ट वाटते.

आता आपल्या भागाकडे वळू. शिरूर-दौंडमध्ये कार्बनचा कच्चा माल शेतात उभा आहे : ऊस. न्हावरे आणि पाटसला साखर कारखाने उभे राहिले, दौंडमध्ये गुऱ्हाळं आहेत. कारखान्यातला उसाचा चोथा, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये आणि गुऱ्हाळातलं चिपाड काहिलीखाली जळतं. उसाच्या बगॅसपासून इलेक्ट्रोडचा कार्बन बनवण्याचे प्रयोग जगात झाले आहेत. अडचणीही आहेत : त्यातली सिलिकायुक्त राख काढावी लागते, आणि भुकटी चिकटवायला चिकटद्रव्य घातलं की वीज अडते. म्हणून पहिली चाचणी बुरकुल्याएवढ्या पात्रातच व्हावी.

एक मर्यादा स्पष्ट सांगतो. मधल्या कप्प्यातलं मीठ कमी होत जातं, तसा पाण्याचा विद्युतरोध वाढतो आणि प्रवाह मंदावतो. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे जमिनीचा विद्युतरोध मोजून भूजलाचा शोध घेण्याचं काम गावच्या मुलांनी शिकून केलं. पाणी आणि वीज यांचं तेच नातं इथे आपल्या आड येतं. त्यामुळे ही पेटी आज आरओची जागा घेणार नाही; आरओच्या आधी बसून त्याचं ओझं कमी करील. युरोपीय संघाच्या निधीतून २०१६ मध्ये सुरू झालेल्या मायडीस प्रकल्पाने स्पेनमधल्या देनिया इथे हीच वाट धरली.

पुढच्या आठवड्यात पेटीच्या कप्प्यांमधले पडदे पाहू. तोवर एवढं करा : आपल्या बोअरचं टीडीएस मीटरने मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. पावसाळ्यानंतर एकदा आणि मे महिन्यात पुन्हा मोजा. किती मीठ काढायचं आहे हे ठाऊक असल्याशिवाय किती कार्बन लागेल, हे कुणालाच सांगता येणार नाही.