बाळाच्या डोक्यातली गुठळी

रिद्धपूरहून पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीसाठी अमरावती गाठणाऱ्या गर्भवतीला बाळाच्या डोक्याची मागची बाजूही नीट तपासून मिळायला हवी. मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरा तिथे एकत्र येतात.

क्वचित तिथली पोकळी फुगते, आत रक्त गोठतं. पडद्यावर कवटीलगत काळसर त्रिकोण आणि त्यात उजळ गोळा दिसतो. डॉप्लरमध्ये गोळ्यात प्रवाह आढळत नाही. गाठ की गुठळी, ही शंका एमआरआय बहुधा फेडतो. त्यात क्ष-किरण नसतात.

आकारापेक्षा महत्त्वाचं हे, की मेंदू शाबूत आहे का, रक्तस्राव किंवा हृदयावर ताण आहे का? मेंदू शाबूत असेल आणि बाकी दोन्ही नसतील, तर पुष्कळदा गुठळी जन्माआधीच आक्रसते. घाबरलेल्या घराला हे पहिल्याच भेटीत सांगायला हवं. हानी गंभीर असेल, तर गर्भपात कायद्याच्या २०२१च्या दुरुस्तीनुसार २४ आठवड्यांनंतर गंभीर व्यंगासाठीचा गर्भपात वैद्यकीय मंडळाच्या निदानावर ठरतो.