म्युझिक सिस्टीमला एक साधं बटण

जुन्या रेडिओचं चालू-बंद आवाजाच्या बटणातच असायचं. बटण डावीकडे पूर्ण फिरवलं की 'कट्' व्हायचं आणि रेडिओ खरोखर बंद व्हायचा. आताची सिस्टीम रिमोटने बंद केली तरी समोर लाल दिवा असतोच. म्हणजे आतला एक भाग रिमोटची वाट पाहत जागा आहे, आणि जागा आहे तोवर वीज खातो आहे.

आमच्या इंदूरच्या घरी ॲम्प्लिफायर, एफएम ट्यूनर आणि सबवूफर अशी तीन खोकी शोकेसमध्ये आहेत. त्यांचे प्लग शोकेसच्या मागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर. सबवूफरचं बटण तर त्याच्या पाठीवर. ऐंशी ओलांडलेल्या आजीला तिथे वाकून हात घालणं शक्य नाही, आणि रिमोटवरच्या चाळीस बटणांशी तिचं जमत नाही. सकाळी लवकर तिला रेडिओ ऐकायचा असतो. पण घरातलं कोणी उठेपर्यंत ती नुसती बसून राहते, तक्रार करत नाही.

उपाय अगदी साधा आहे: तिन्ही खोक्यांची स्वतःची बटणं कायम चालू ठेवायची आणि सगळ्यांची वीज बाहेरच्या एकाच बटणावर घ्यायची. पण आधी एक चाचणी करा. सिस्टीम वाजत असताना आवाज कमी करून भिंतीवरचं बटण बंद करा, मिनिटभराने पुन्हा चालू करा. ती आपोआप वाजायला लागली तर काम झालं. नुसता लाल दिवा लागून ती थांबली, तर बाहेरच्या बटणाने वीज वाचेल, पण आजींना रिमोट घ्यावाच लागेल. दाबल्यावर आत अडकून राहणारं बटण ज्यांना असतं, ती जुनी यंत्रं बहुधा पास होतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, त्यांची 'स्टेट' त्या बटणातच साठवलेली असते.

आता बटण कोणतं? टेबल-लॅम्पच्या वायरीत असतो तो छोटा खटका इथे नको. ॲम्प्लिफायरमध्ये मोठा ट्रान्सफॉर्मर आणि मोठे कपॅसिटर असतात. चालू होताना क्षणभर ते नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतात. हलक्या खटक्याच्या पट्ट्या त्याने जळतात किंवा एकमेकींना चिकटून बसतात. दुसरं असं, की दोन पिनांचा प्लग उलटसुलट कसाही लागतो. वायरीतला एकेरी खटका मग फेजऐवजी न्यूट्रल तोडतो आणि यंत्र बंद दिसत असूनही आत फेज पोचलेला असतो. म्हणून गीझरला लावतात तसा डीपी स्विच घ्यावा. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडतो आणि आत छोटा दिवा असल्याने चालू की बंद हे लांबूनही कळतं.

आम्ही इलेक्ट्रिशियनकडून तो आजीच्या खुर्चीशेजारी, कमरेच्या उंचीवर बसवून घेतला आणि तिथून शोकेसमागच्या तीन पिनांच्या सॉकेटला लाइन नेली, अर्थिंगसकट. हे काम घरच्या उत्साही मंडळींनी करू नये. ॲम्प्लिफायर उघडून आत बटण जोडायचा विचार तर अजिबात नको. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, आणि तो झटका साधा नसतो.

एक छोटी अडचण येऊ शकते. सगळं एकदम चालू केलं की काही सिस्टीममध्ये स्पीकरमधून 'धप्' असा आवाज येतो. बऱ्याच ॲम्प्लिफायरमध्ये त्यासाठी रिले असतो. चालू केल्यावर काही सेकंदांनी 'टक्' ऐकू येतं, तेव्हा कुठे स्पीकर जोडले जातात. तुमच्याकडे तसं नसेल, तर ॲम्प्लिफायरला वेगळं बटण द्या: चालू करताना तो शेवटी, बंद करताना सगळ्यांत आधी.

विजेची बचत किती? प्लगमध्ये लावायच्या मीटरवर आमची तिन्ही खोकी रिमोटने बंद असताना मिळून १५ वॉट दाखवत होती. वर्षभराची ही साधारण १३१ युनिटं. ७ रुपये युनिट धरलं तर नऊशेच्या आसपास रुपये. फार मोठी रक्कम नाही, पण कोणी न ऐकता गेलेली. शिवाय आतली उष्णता कमी होते. तापमान दहा अंशांनी उतरलं की कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला आडाखा आहे. जुन्या सिस्टीमला हा फायदा बिलापेक्षा मोठा.

आता आमच्याकडे पहाटे सहाला बातम्या लागतात. रविवारीसुद्धा. घरातल्या उशिरा उठणाऱ्यांचं याबद्दल वेगळं मत आहे.

पावसाळ्यात मात्र या बटणावर विसंबू नका. बंद स्विचच्या पट्ट्यांमध्ये जेमतेम काही मिलिमीटर अंतर असतं. आकाशातून आलेल्या विजेला ते काहीच नाही. गडगडाट सुरू झाला की प्लग काढायचा, आणि ट्यूनरच्या मागची अँटेनाची वायरही.