सम्राटाला नाडी बांधता येईना!

दोस्तांनो, तुम्हाला बुटाची नाडी बांधता येते ना? पहिली-दुसरीतच शिकला असाल. चीनच्या शेवटच्या सम्राटाला मात्र ती चाळिशी उलटल्यावर शिकावी लागली. आणि तीसुद्धा तुरुंगात!

त्याचं नाव पू यी. जन्म १९०६ चा. १९०८ मध्ये त्याचे काका, म्हणजे तेव्हाचे सम्राट, वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं. राजमाता त्सू-शीने या पुतण्याला गादीसाठी निवडलं, तेव्हा तो पुरता तीन वर्षांचाही नव्हता. राज्याभिषेकाच्या वेळी भल्यामोठ्या सिंहासनावर बसवताच त्याने भोकाड पसरलं. शेजारी वडील समजूत घालत होते, ‘रडू नको, आता लवकरच संपेल हं!’ दरबाऱ्यांच्या पोटात गोळा आला. काय संपेल? राज्य?

झालंही तसंच. परकीय सत्तांनी चीनला वारंवार हरवून जबर दंड वसूल केला होता. लोक दुबळ्या राजवटीला विटले होते. १० ऑक्टोबर १९११ रोजी वूचांग शहरात सैनिकांनी बंड केलं आणि एकेक प्रांत फुटत गेला. १२ फेब्रुवारी १९१२ ला राजमाता लुंग-यूने पदत्यागाचा हुकूम काढला. दोन हजार वर्षांहून जुनी राजेशाही संपली. सहा वर्षांच्या पू यीला कुणी विचारलंसुद्धा नाही!

गंमत म्हणजे त्याची पदवी आणि राजवाडा त्याच्याकडेच राहिला. आपल्याकडच्या संस्थानिकांसारखा तनखाही ठरला. भिंतीबाहेर प्रजासत्ताक, आत मात्र मोठी माणसं या पोरासमोर लोटांगण घालत! त्याची लहर लागली की नोकरांना फटके बसत. एकदा त्याने एका नोकराला केकमध्ये लोखंडाचा कीस घालून द्यायचं ठरवलं. दाईने त्याला समजावलं, की त्याचे दात पडतील. त्याला ‘नाही’ म्हणणारी ती एकटीच. पुढे तिलाही वाड्यातून घालवून दिलं.

१९१९ मध्ये जॉन्स्टन नावाचे स्कॉटिश शिक्षक आले. त्यांच्या आग्रहामुळे पू यीला चष्मा मिळाला. मग त्याने लांब वेणी कापली आणि सायकलसाठी वाड्याचे उंबरठेही कापून टाकले! पण वाड्याबाहेर मोकळेपणाने जायची सोय नव्हती. शेवटी १९२४ मध्ये सैन्याने त्याला बाहेरच काढलं.

पुन्हा सम्राट व्हायचंच, या हट्टापायी तो जपान्यांच्या गळाला लागला. त्यांनी मांचुरिया बळकावून १९३४ मध्ये त्याला तिथला सम्राट केलं. पण नाव त्याचं, सत्ता जपानची. आणि हाल तिथल्या प्रजेचे! १९४५ मध्ये जपान हरला. पू यीला रशियनांनी पकडलं आणि १९५० मध्ये चीनच्या हवाली केलं.

चीनच्या तुरुंगात त्याला अंथरुणाची घडी करता येईना, नाडी बांधता येईना. हळूहळू सगळं तो शिकला. १९५९ मध्ये माफी मिळाल्यावर त्याने बीजिंगच्या वनस्पती उद्यानात माळीकाम केलं. १९६७ मध्ये तो वारला, तो एक साधा नागरिक म्हणून.

तेव्हा उद्या आई म्हणाली, ‘आपलं अंथरूण आपण आवर,’ तर कुरकुर करू नका. पू यीला असं सांगणारं माणूस लहानपणीच दूर केलं होतं. त्याची किंमत त्याने तर मोजलीच, पण इतरांनीही मोजली.