‘शोले’चे दोन शेवट

अमेरिकन चित्रसृष्टीतील ‘वेस्टर्न’ या चित्रप्रकाराची कथा वस्ती आणि वैराण प्रदेश यांच्या सीमेवर घडते. कायदा जेथे पोचत नाही तेथे बंदूक न्याय करते, हे त्याचे बाळबोध रूप होय. बंदूक चालविणाऱ्याविषयीच शंका उपस्थित झाली, तेव्हा हा प्रकार प्रौढ झाला. जॉन फोर्ड यांच्या ‘द सर्चर्स’मधील (१९५६) ईथन पळवून नेलेल्या पुतणीचा वर्षानुवर्षे शोध घेतो, पण द्वेषाने तो इतका ग्रासलेला असतो की, सापडल्यावर तो तिला वाचवील की मारील, याचीच धास्ती वाटावी. अखेर तो तिला सुखरूप आणतो. घराचे दार मिटते तेव्हा तो स्वतः मात्र बाहेरच राहतो.

या प्रकाराला हिंदी रूप लाभले ते बंगळूरच्या परिसरात. शहराच्या पूर्वेस महादेवपुरा भागात आज संगणक-व्यवसायाच्या इमारतींची दाटी आहे. उलट दिशेला, म्हैसूरच्या रस्त्यावर सुमारे पन्नास किलोमीटरवर, रामनगरचे उघडे खडक आहेत. तेथे १९७३ मध्ये रमेश सिप्पी यांनी ‘शोले’चे चित्रीकरण आरंभिले.

संवाद आणि विनोद यांच्या लोकप्रियतेमुळे या चित्रपटाचा काळोखा गाभा सहसा दृष्टीआड होतो. ठाकूर हा पूर्वी पोलीस अधिकारी. गब्बर त्याचे कुटुंब मारतो आणि पुढे त्याचे हातही तोडतो. कायद्याचे हातच तुटल्यावर न्याय कोणी करावयाचा, हा कथेचा मूळ प्रश्न आहे.

मूळ शेवटात ठाकूर गब्बरला पायांनी ठार करतो आणि मग रडतो. सूड पुरा होतो. उरते ती केवळ रिक्तता. आणीबाणीच्या काळात, १९७५ मध्ये, सेन्सॉरला हे रुचले नाही. प्रदर्शित चित्रपटात ऐन वेळी पोलीस येतात आणि ठाकूर आवरतो. कायद्याची बूज राहिली; मात्र प्रश्नाचे उत्तर कथेच्या आतून न येता बाहेरून आले.

तथापि न दाखविणे म्हणजे नेहमीच हानी नव्हे. सचिन पिळगावकर यांनी उभ्या केलेल्या अहमदची हत्या प्रदर्शित चित्रपटात दिसत नाही. गब्बरच्या हातावर मुंगी चढते, तो तिला चिरडतो आणि पुढे गावात घोड्यावरून प्रेत येते. ध्वनिसिद्धान्त मानणाऱ्या रसिकाला याहून प्रभावी सूचन क्वचितच आढळेल. येथे मौनामुळे क्रौर्य गडद होते. शेवटी मात्र तडजोडीमुळे शोक पुसला जातो.

२०२५ साली इटलीतील बोलोन्या येथे मूळ शेवटासह जीर्णोद्धारित प्रत दाखविली गेली. त्यामुळे दोन्ही शेवट शेजारी ठेवून पाहणे शक्य झाले. हिंसा किती दाखविली, यावर चित्रपटाची प्रौढता ठरत नाही. हिंसेची किंमत पात्राला मोजावयास लावली की नाही, यावर ती ठरते. या कसोटीवर जिंकणारा ठाकूर नव्हे, तर रडणारा ठाकूरच अधिक खरा उतरतो.