‘नुसते बोलून काय होणार?’

सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाबाहेर एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘डॉक्टरांनी गोळी एकच दिली आणि दर आठवड्याला बोलायला बोलावले. नुसते बोलून काय होणार?’ ही शंका रास्त आहे. तापाला गोळी आणि मोडलेल्या हाडाला प्लास्टर हे कोणालाही पटते. पण झोप उडालेल्या, जेवण तुटलेल्या, कामावर जाणे बंद केलेल्या माणसाला बोलण्याने कसे बरे वाटेल? आणि बोलायला तर घरची माणसे आहेतच!

मानसोपचारातले बोलणे म्हणजे धीर देणे नव्हे, हा इथला महत्त्वाचा मुद्दा. या बोलण्याला ठरलेली पद्धत असते, दोन भेटींच्या मध्ये करायचा अभ्यास असतो आणि आजार बदलला की पद्धतही बदलते.

विचारांची तपासणी

साहेबांनी फोन उचलला नाही. एकजण म्हणतो, ‘मीटिंगमध्ये असतील.’ दुसरा म्हणतो, ‘माझे काहीतरी चुकले, आता नोकरी जाणार.’ घटना एकच, पण दुसऱ्याच्या छातीत धडधड सुरू होते. भावना घटनेतून नव्हे, तर तिच्या लावलेल्या अर्थातून येते, या निरीक्षणावर बोधनिक वर्तन उपचारपद्धती (सीबीटी) उभी आहे. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास आणि अॅरन बेक यांनी 1960 च्या दशकात तिचा पाया घातला. एलिस यांची पद्धत ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ या नावाने मराठी वाचकांपर्यंत पोहोचवण्यात डॉ. कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे.

यात उपचारक ‘सकारात्मक विचार करा’ असे सांगत नाही. तो विचारतो, ‘नोकरी जाणार याला पुरावा काय? विरुद्ध पुरावा काय? मित्राला असे वाटले असते तर त्याला काय सांगितले असते?’ रुग्ण घरी वहीत नोंदी करतो आणि पुढच्या भेटीत त्या तपासल्या जातात. साधारण 12 ते 16 भेटींत हे कौशल्य अंगवळणी पडते. औषध थांबवल्यावर त्याचा परिणाम ओसरू शकतो, पण शिकलेले कौशल्य सोबत राहते. त्यामुळे नैराश्य पुन्हा उलटण्याची शक्यताही कमी होते.

आधी कृती, मग उत्साह

नैराश्यात माणूस म्हणतो, ‘बरे वाटले की फिरायला जाईन.’ पण घरात पडून राहिल्याने मन आणखी खचते आणि खचल्यामुळे तो आणखी पडून राहतो. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडणे म्हणजे वर्तन सक्रियता. उत्साह येण्याची वाट न पाहता सकाळी दहा मिनिटे चालणे, बहिणीला फोन करणे, कुंडीला पाणी घालणे अशी छोटी कामे वेळापत्रकात बसवायची आणि केल्यानंतर मनाला कसे वाटले ते लिहायचे.

ऐकायला साधी वाटणारी ही पद्धत गोव्यात काटेकोरपणे तपासली गेली. ‘संगत’ या संस्थेच्या संशोधकांनी 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांना केंद्रातले नेहमीचे उपचार सुधारित स्वरूपात मिळाले. एका गटाला त्याशिवाय सहा ते आठ भेटी मिळाल्या. त्या घेणारे समुपदेशक डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते. ते खास प्रशिक्षण दिलेले आणि सतत देखरेखीखाली काम करणारे स्थानिक लोक होते. तीन महिन्यांनी या गटातील 64 टक्के रुग्ण नैराश्याच्या कक्षेबाहेर आले होते, तर दुसऱ्या गटातील 39 टक्के. हे निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्याकडे नैराश्याच्या सुमारे 85 टक्के रुग्णांना उपचारच मिळत नाहीत. तज्ज्ञ मोजके असलेल्या देशात गोव्याचा हा अनुभव म्हणून मोलाचा आहे.

धीर दिल्याने वाढणारा आजार

मंत्रचळात, म्हणजे ओसीडीमध्ये, घरच्यांचा प्रेमळ धीर उलटा परिणाम करतो. मुलगी पुन्हा पुन्हा हात धुते आणि आईला विचारते, ‘स्वच्छ झाले ना?’ आई म्हणते, ‘हो गं बाळा, झाले.’ मुलीची भीती पाच मिनिटे उतरते आणि पुन्हा चढते. प्रत्येक ‘हो’बरोबर मेंदू एकच धडा शिकतो: विचारल्याशिवाय, धुतल्याशिवाय सुटका नाही.

यावरची पद्धत आहे भीतीला सामोरे जाणे आणि धुण्याची कृती रोखणे. रुग्ण आणि उपचारक मिळून भीतीची शिडी तयार करतात. सर्वांत खालची पायरी दाराच्या कडीला हात लावण्याची, वरची कदाचित सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या नळाला हात लावण्याची. पायरी चढायची आणि हात न धुता थांबायचे. अस्वस्थता वाढते, पण काही न करताही ती ओसरते, हे रुग्ण स्वतः अनुभवतो. घरच्यांनाही ‘स्वच्छ झाले का?’ या प्रश्नाचे उत्तर हळूहळू कसे थांबवायचे ते शिकवले जाते. लिफ्टची भीती किंवा पॅनिक अटॅक यांतही थोड्याफार फरकाने हेच तत्त्व वापरतात.

औषध की बोलणे?

सौम्य नैराश्य आणि चिंतेच्या अनेक रुग्णांना बोलण्याचे उपचार पुरतात. आजार तीव्र असेल तर औषध आणि बोलणे यांची जोड अधिक गुणकारी ठरते. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजारात औषध हाच पाया आहे. मात्र तिथेही कुटुंबाला आजार समजावून दिला, घरातली टीका आणि भांडणे कमी झाली, तर आजार उलटण्याचे प्रमाण घटते. ‘आता समुपदेशन सुरू आहे’ म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करणे धोक्याचे आहे.

पहिल्या भेटीत काय विचारावे?

मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात आणि औषधे देऊ शकतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र थोडक्या दिवसांचा अभ्यासक्रम करूनही लावलेली आढळते. म्हणून शिक्षण आणि नोंदणी विचारण्यात संकोच नको. त्याबरोबर तीन प्रश्न विचारावेत: माझ्या त्रासासाठी कोणती पद्धत वापरणार? साधारण किती भेटी लागतील? फरक पडतो आहे हे कशावरून ठरवायचे? चांगला उपचारक या प्रश्नांनी रागावत नाही. सहा-आठ भेटींनंतरही काहीच बदल दिसत नसेल, तर पद्धत किंवा निदान पुन्हा तपासायला सांगावे. एक पद्धत लागू पडली नाही, म्हणजे उपचारच नाही, असे नसते.

जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून सल्ला मिळतो. ‘टेलिमानस’च्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतूनही. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार कोणी बोलून दाखवत असेल, तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नये. त्या व्यक्तीला एकटे न सोडता त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात न्यावे.