निनावी लेखन : भ्याडपणा की आसरा?

आपल्या कचेऱ्यांत आणि शाळांत 'निनावी अर्ज' हे शब्द नुसते कानी पडले तरी कपाळावर आठी चढते. ज्याला आपल्या म्हणण्याखाली सही करण्याचे धैर्य नाही, त्याचे म्हणणे ऐकावे तरी कशाला, असा रोकडा सवाल केला जातो. सवाल चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे.

मराठी प्रबोधनाच्या आरंभीचे एक प्रमुख लेखन टोपणनावानेच झाले. १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावाने शतपत्रे प्रसिद्ध झाली. त्यांचे लेखक गोपाळ हरी देशमुख कंपनी सरकारच्या नोकरीत होते आणि त्यांचा प्रहार स्वतःच्याच ज्ञातीच्या कर्मठपणावर होता. पुढे १८८५ साली 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या सहीने बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर पत्रे आली. ती रखमाबाईंची होती. पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारल्यामुळे त्यांच्यावर दावा गुदरला होता. १८८७ साली न्यायालयाने त्यांना नांदावयास जा, अन्यथा सहा महिने कैद भोगा, असे फर्मावले. अशा स्त्रीकडे 'आधी नाव छापा, मग बोला' असा हट्ट धरला असता, तर ती पत्रे वाचकांपर्यंत पोहोचली असती काय?

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बढतीची यादी निघण्याच्या सुमारास एखाद्या सहकाऱ्याविरुद्ध निनावी कागद वर जातो, चौकशी सुरू होते आणि ती निष्फळ ठरेपर्यंत त्या माणसाची संधी हुकलेली असते. कागद लिहिणारा मात्र शेजारच्याच टेबलावर सुखाने बसलेला असतो. निनावी वा बनावट नावाच्या तक्रारींवर कोणतीही कारवाई करू नये, असा आदेश केंद्रीय दक्षता आयोगाने १९९९ साली काढला, तो असल्या उपद्रवाला आळा घालण्यासाठीच.

परंतु नाव देणाऱ्याचे काय होते? राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील अभियंता सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातील गैरव्यवहार पंतप्रधानांना पत्राने कळविला आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र नावानिशी अनेक हातांतून फिरले. नोव्हेंबर २००३ मध्ये गया येथे त्यांची हत्या झाली. ही हत्या लुटारूंनी केली असा निष्कर्ष तपासयंत्रणेने काढला आणि २०१० साली तिघांना शिक्षाही झाली. तथापि विश्वासाने सोपविलेले नाव शासनाला राखता आले नाही, ही गोष्ट त्यामुळे पुसली जात नाही. २००४ साली सरकारने ठराव करून अशा तक्रारदारांची नावे गुप्त राखण्याची जबाबदारी दक्षता आयोगावर टाकली. मात्र तक्रारदाराने आपले नाव आयोगाला कळविलेच पाहिजे, अशी अटही घातली.

या अटीतच वादाचे उत्तर आहे. नाव नसणे आणि नाव न छापणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव व पत्ता संपादकाला कळवावा, पण विनंती असल्यास तो प्रसिद्ध करू नये, ही वृत्तपत्रांची जुनी रीत याच विवेकातून आली आहे. तीत संपादक दुहेरी भार उचलतो : नाव फुटू न देण्याचा आणि मजकूर खोटा निघाल्यास उत्तर देण्याचा.

मजकुरातही भेद केला पाहिजे. मताला साक्षीदार लागत नाही. त्यातील युक्तिवाद वाचकाला स्वतः पारखता येतो. आरोपाचे तसे नाही. एखाद्या व्यक्तीवर ठपका ठेवायचा असेल, तर पुरावा हवा आणि तो पुरविणारा कोणाला तरी ठाऊक असावयास हवा. दुर्बलाने सबळांविषयी बोलताना पडद्याआड उभे राहावे, हे समजण्यासारखे आहे. परंतु पडद्याआडून एखाद्या शिक्षिकेच्या वा कारकुनाच्या अब्रूवर चिखल उडविणाऱ्याला तो आसरा मिळता कामा नये. सरसकट बंदीने पहिल्याचे तोंड बंद होईल आणि सरसकट मुभेने दुसऱ्याचे फावेल. नाव जपणारी विश्वासू जागा निर्माण करणे हे या दोहोंपेक्षा कष्टाचे काम आहे. म्हणूनच ते टाळले जाते.